तिसावा आवाज

"परत लाव," मजीद मामू म्हणाले. "एक माणूस कमी आहे."

मी हेडफोन काढून लॅपटॉपचा आवाज मोठा ठेवला होता, तो त्यांच्यासाठीच. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते. डोळ्यावर हिरवी पट्टी. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, आणि धूळ तर अजिबात नको. मामूंचं घर लूमच्या कारखान्यांमागच्या गल्लीत. तिथे झाकायला विसरलेल्या पाण्यावरही तासाभरात कापसाचे तंतू तरंगतात. म्हणून अम्मीने भावाला आणि भावजयीला पंधरा दिवसांसाठी आमच्या तिसऱ्या मजल्यावर आणलं होतं.

मी फाइल मागे घेतली. एक बाई नाव पुकारत होती, सभागृहातून उत्तर येत होतं. आय, म्हणजे होय. आय. नो. आय. प्रत्येक उत्तराला मी एक बटण दाबत होते. मामूंचा अंगठा तसबीहचे मणी मोजावेत तसा बोटांच्या पेरांवरून सरकत होता.

"तीस नावं झाली," ते म्हणाले. "तुझी खटखट एकोणतीस वेळा झाली."

इंग्रजी त्यांना जेमतेम कळतं. पण ठोका चुकलेला कळायला भाषा लागत नाही. चाळीस लूम एकदम चालू असताना कुठल्या लूमचा धोटा अडखळला हे त्यांना पाठमोरं बसून कळतं. मी तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा तो आवाज सापडला. एका बाईने खूप हळू, खोकल्यासारखं म्हटलं होतं: अ‍ॅब्स्टेन. म्हणजे तटस्थ. होयही नाही, नाहीही नाही.

ही चूक पुढे गेली असती तर माझ्या नावावर तिसरी चूक लागली असती, आणि तीन चुकांनंतर ते काम देत नाहीत.

काम असं. एक परदेशी विद्यापीठ लहान देशांच्या संसदा कशा चालतात याचा अभ्यास करतं. कामकाजाची ध्वनिमुद्रणं आधी मशीन लिहून काढतं. मग आमच्यासारखे लोक ऐकून मशीनच्या चुका दुरुस्त करतात. मानकोलीच्या एका कंपनीकडून मला फाइल्स येतात. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आहे. एम.एस्सी.ला प्रवेश मिळेपर्यंत काहीतरी करायचं म्हणून हे घेतलं, आणि माझ्या वाट्याला त्रिनिदाद आणि टोबॅगो आला. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळची दोन बेटं. लोकसंख्या चौदा लाखांच्या आसपास, म्हणजे आपलं शहर आणि तालुका मिळून जेवढी माणसं भरतील साधारण तेवढीच.

मामूंना पहिलं नवल वाटलं ते नावांचं. पुकारताना मध्येच मोहम्मद यायचं, खान यायचं, कधी रामचरण. मी सांगितलं की इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर कराराने नेलेल्या लोकांची ही पुढची पिढी.

"मग त्यांच्याकडेही बाहेरून आलेले आणि आधीचे, असं असणार," मामू म्हणाले. भिवंडीत जन्मलेल्या माणसाला हा प्रश्न आधी सुचतो.

त्यांना दुसरं नवल वाटलं ते हे, की तीस लोकांचं मत मोजलं गेलं आणि मी म्हणत होते सभागृह एकतीस जणांचं आहे.

"एकतिसावा कुठे गेला?"

"तो खुर्चीवर बसतो. अध्यक्ष."

"खुर्चीवर बसला म्हणून मत गेलं?"

हे बोलून समजणारं नव्हतं. मी स्वयंपाकघरातून थाळी आणली. सोळा हरभरे, सहा वाटाणे, नऊ राजमे. डोळ्याला ताण नको म्हणून मामूंनी डावा डोळाही मिटला आणि बोटांनी चाचपायला लागले. मी सांगत गेले. खालच्या सभागृहात एक्केचाळीस जण, एकेका मतदारसंघातून लोकांनी निवडलेले. वरचं सभागृह म्हणजे सिनेट. तिथे एकालाही लोक निवडून देत नाहीत. आपल्या राज्यसभेला निदान आमदार मत देतात. इथे तेही नाही. सोळा जण पंतप्रधान सांगेल ते. सहा जण विरोधी पक्षनेता सांगेल ते. आणि नऊ जण राष्ट्रपती स्वतःच्या मनाने नेमतो. डॉक्टर, शिक्षक, कामगार संघटनेतलं कुणी, शेतीतलं कुणी. त्यांना अपक्ष म्हणतात.

"सोळा एका बाजूला. सहा आणि नऊ पंधरा," मामू म्हणाले. "सरकार जिंकलंच. मोजायचं कशाला?"

"अध्यक्ष बहुधा सरकारच्या सोळातला असतो. आणि दोन्ही बाजू समसमान झाल्याशिवाय त्याला मत देता येत नाही."

मामूंनी एक हरभरा उचलून थाळीच्या काठावर ठेवला. मग उरलेले पुन्हा मोजले, सावकाश, जणू मी फसवत असेन. पंधरा. पंधरा. त्यांच्या चेहऱ्याच्या उघड्या अर्ध्या भागावर हसू आलं.

"वा. काटा अगदी मध्ये आणून ठेवलाय कुणीतरी."

"उसळीचे भिजवायचे होते ते," कुबरा मामी दारातून म्हणाल्या. "तुम्ही त्याचं सरकार केलंत. झालं असेल तर परत द्या."

त्या दिवशीच्या मतदानाचा आकडा मी मामूंना सांगितला. पंधरा होय, चौदा नाही, एक तटस्थ. विधेयक एका मताने पास. ती हळू बोललेली बाई नऊ अपक्षांतली होती. ती 'नाही' म्हणाली असती तर पंधरा-पंधरा झालं असतं आणि काठावरच्या हरभऱ्याला तोंड उघडावं लागलं असतं.

मामू तिच्या नावाचा एक राजमा दोन बोटांत फिरवत राहिले.

"म्हणजे ती काहीच बोलली नाही, आणि त्याच्यानेच झालं."

मजीद मामू तेहतीस वर्षं एकाच कारखान्याच्या फोल्डिंग खात्यात आहेत. लूमवरून उतरलेला कापडाचा ताका त्यांच्या टेबलावर येतो. कापड पुढे सरकवत जायचं आणि बघायचं: तुटका धागा, तेलाचा डाग, जाळी, आडवी पट्टी. दोष दिसला की त्याच्या रेषेत कापडाच्या किनारीला लाल दोऱ्याची गाठ मारायची. व्यापाऱ्याचा माणूस येऊन गाठी मोजतो आणि त्यावर मालाची प्रत ठरते. सगळा ताका बघून झाला की तोंडाच्या घडीवर निळ्या खडूने तपासणाऱ्याचं अक्षर. मामूंचं अक्षर 'म'. तो 'म' असला की व्यापारी ताका उघडूनही बघत नाही, गाठी मोजतो आणि उचलतो. खडूचं अक्षर लागलेल्या ताक्यावरच्या गाठीला एक नियम आहे: ती फक्त अक्षर लिहिणाराच सोडू शकतो. मालकही नाही.

गेली तीन वर्षं मामूंच्या आधी एक पहिली नजर असते. जवळच्या कोन गावाहून येणारी सुवर्णा. ती सुटलेले धागे सुईने भरते आणि दिसेल तिथे गाठ मारते. मग मामू दुसऱ्यांदा बघतात, उगाच मारलेल्या गाठी सोडतात, राहिलेल्या मारतात, आणि 'म' लिहितात. सुवर्णाबद्दल ते आमच्याकडे नेहमी सांगायचे, पोरगी मेहनती आहे, पण हात सैल. काही नाही तिथेही गाठ. पहिल्या वर्षी पाचातली एक सोडावी लागायची, आता तीनातली एक.

हे मी तेव्हा नुसतं ऐकलं होतं. कुठलंही मोजमाप असं सरकत जात असेल तर आधी मोजणारं यंत्र तपासावं, हे मला तीन वर्षं प्रयोगशाळेत शिकवलं होतं. सुचलं नाही.

पट्टी निघाली त्या सकाळी मामू भिंतीकडे बघत उभे होते. "या भिंतीला निळा रंग कधी दिलात?"

आमच्या भिंती पांढऱ्या आहेत. मी त्यांना डावा हात डाव्या डोळ्यावर ठेवायला सांगितला, मग उजवा उजव्यावर. नव्या डोळ्याने भिंत निळसर पांढरी, जुन्याने चहा सांडून पुसल्यासारखी. मला फार मजा वाटली. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं आणि प्रकाशातला निळा भाग अडवतं, हे पुस्तकात वाचलेलं. ज्याच्याकडे एक जुनं आणि एक नवं भिंग एकाच वेळी आहे असा माणूस घरात कुठे सापडतो. मी त्यांना कागद दाखवले, ताटल्या दाखवल्या, मामींचा दुपट्टा दाखवला. ते प्रत्येक वेळी हात बदलून बदलून बघत होते, सर्कशीला आलेल्या मुलासारखे. मामींकडेही त्यांनी तसंच बघितलं.

"कुठल्या डोळ्यात बरी दिसते?" मामींनी विचारलं.

"जुन्या," मामू म्हणाले, आणि मामी दिवसभर त्यांच्याशी नीट बोलल्या नाहीत.

पण त्यांच्या मनातून ते सभागृह गेलं नव्हतं. दुपारी मी कामाला बसले की खुर्ची ओढून जवळ यायचे. सिनेटला एखादं विधेयक पटलं नाही तर? ते दुरुस्त्या सुचवून परत पाठवू शकतात, मी सांगितलं. नाकारूही शकतात. पण मग सहा महिने जाऊ देऊन खालच्या सभागृहाने पुढच्या अधिवेशनात तेच पुन्हा पास केलं, तर सिनेटच्या दुसऱ्या नकाराने ते अडत नाही. पैशाचं विधेयक असेल तर हातात महिनाच.

"म्हणजे थांबवता येत नाही. उशीर करता येतो."

"हो. मला वाचताना वाटलं, मग उपयोग काय."

"तुला वाटणार," ते म्हणाले. "ताका एक दिवस टेबलावर राहिला की दुसऱ्या दिवशीच्या उजेडात दिसतो. थोडं नाही ते."

आणि मग त्यांनी असा प्रश्न विचारला जो मला वाचताना पडला नव्हता. नेमतो कोण ते कळलं. काढू कोण शकतो?

मी त्यांची राज्यघटना उघडली. सोळा जणांना पंतप्रधानाच्या सल्ल्यावरून घरी पाठवता येतं. सहांना विरोधी पक्षनेत्याच्या. नऊ जणांना फक्त राष्ट्रपती, स्वतःच्या मनाने.

मामूंनी मान हलवली. "मी स्वतःला नवांतला समजत होतो," ते म्हणाले. "मी सोळातला."

हे त्यांनी हसत म्हटलं. त्याच संध्याकाळी जिब्रान आला.

जिब्रान कारखान्याच्या मालकाचा मुलगा, वय तिशीच्या आत. वडील गेल्यापासून सगळं तोच बघतो. त्याने शहाळी आणली होती, मामींना सलाम केला, डोळ्याची चौकशी केली. लहानपणी तो मामूंच्या टेबलाखाली चिंध्यांवर झोपायचा असं मामी सांगतात. चहा झाल्यावर त्याने विषय काढला. अठरा ताके अडकलेत. मामू नाहीत तर सुवर्णाने बघितले, आणि तिने एकोणसाठ गाठी मारून ठेवल्यात. आडव्या पट्ट्या आहेत म्हणते. त्याने स्वतः बघितलं, लूम सांभाळणाऱ्या मास्तरने बघितलं, कुणाला धड काही दिसत नाही. एवढ्या गाठींवर माल दुय्यम ठरणार आणि व्यापारी पुढचं काम दुसऱ्याला देणार.

"शुक्रवारी भरतभाऊ येतायत मोजायला. चाचा, तुम्ही नुसतं तासभर या. नेहमी तिच्या गाठी सोडता तशा सोडा, आणि तुमचा म लिहा. बस."

त्यात काही वाईट नव्हतं. मी तेव्हा अगदी बारकाईने ऐकत होते, आणि त्याने मामूंना एकही खोटी गोष्ट करायला सांगितली नाही.

"तिला सोमवारपासून बंद करतो," तो पुढे म्हणाला. "पट्ट्या तिच्या डोक्यात आहेत, कापडात नाहीत. आणि हे असंच चाललं तर कॅमेऱ्याचं मशीन येतं आता. मग फोल्डिंगचं टेबल तरी कशाला ठेवायचं, सांगा तुम्हीच. तुमच्यासाठीच ठेवलंय मी ते."

मामूंनी येतो म्हणून सांगितलं.

तो गेल्यावर मामी म्हणाल्या, डॉक्टरने धूळ नको सांगितलंय, डोळा बरा नाही म्हणून कळवून टाका, कोण तुम्हाला नाव ठेवणार. मामूंनी माझ्याकडे बघितलं.

"तसं केलं तर मी तटस्थ. नाही का?"

मी हो म्हटलं.

"मग हिशेब कर."

करायला काही नव्हतं. मामूंचं अक्षर नसेल तर सुवर्णाच्या गाठी कुणाच्याच नव्हत्या. पहिल्या नजरेच्या गाठीला अक्षर लागेपर्यंत किंमत नसते. जिब्रान त्या कात्रीने कापू शकत होता. मामू घरी निर्दोष, सुवर्णा घरी बिनकामाची, माल मानकोलीच्या गोदामात.

"ती बाई का बोलली नसेल?" मामूंनी विचारलं. त्रिनिदादची. मी तिचं भाषण पुन्हा शोधलं. ती त्या विधेयकावर बोललीच नव्हती. नोंदीत कारण लिहीत नाहीत.

शुक्रवारी लूम बंद असतात. जुम्याच्या नमाजनंतर मी मामूंना रिक्षाने घेऊन गेले. त्यांनी काळा चष्मा लावला होता आणि तोंडाला रुमाल. बंद कारखान्यात मी पहिल्यांदाच जात होते. एवढी शांतता की माझ्या चपलेखाली चिकटलेल्या कापसाचाही आवाज येत होता. फोल्डिंग खात्याला उत्तरेकडे मोठी खिडकी आहे. सुवर्णा तिथेच उभी होती, पदर कमरेला खोचून, सुट्टीच्या दिवशी बोलावलंय म्हणजे काय ते ओळखून. वय पस्तीसच्या आसपास. तिने मामूंच्या डोळ्याची चौकशी केली आणि त्यांचं स्टूल पुसलं. जिब्रान मोबाइल घेऊन दाराशी बसला. भरतभाऊ, व्यापाऱ्याचा माणूस, अजून यायचा होता.

मामूंनी चष्मा काढला. पहिला ताका उघडला, कापड खिडकीच्या उजेडात धरलं, सुवर्णाच्या पहिल्या गाठीवर बोट ठेवलं आणि त्या रेषेत नजर फिरवली. मग थांबले.

त्यांनी डावा हात डाव्या डोळ्यावर ठेवला. काढला. उजवा हात उजव्यावर ठेवला. काढला. मला आमच्या घरची भिंत आठवली. मी जवळ जाऊन बघितलं. कापडात विणीचा दोष नव्हताच. बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत दोन वेगळ्या वेळचं होतं: एक पांढरं, दुसरं अगदी किंचित पिवळट. धोट्यातली कांडी बदलली की चार बोटं रुंद फिकट पट्टी, मग पुन्हा पांढरं. दिसेल ना दिसेल एवढा फरक. पण फरक पांढऱ्या आणि पिवळटमधलाच. आणि मामूंचा जुना डोळा कैक वर्षं सगळंच पिवळं करून बघत होता.

मास्तरने ते बहुतेक ट्यूबलाइटखाली बघितलं असणार. जिब्रानने कसं बघितलं, मला माहीत नाही.

मामूंनी दुसरा ताका घेतला. तिसरा. प्रत्येक गाठीपाशी हात बदलायचे. डाव्याने कापड स्वच्छ, तेहतीस वर्षांच्या सवयीचं. ते डाव्याने बघून गाठ सोडू शकले असते आणि त्यात खोटं काही नव्हतं; डोळा त्यांचाच होता. पाचव्या ताक्यानंतर त्यांनी डावा डोळा रुमालाने बांधूनच टाकला. सुवर्णा घड्या उलगडत होती. एकदाही त्यांचा हात गाठ सोडायला गेला नाही. एका ठिकाणी मात्र ते मागे आले, कापडाला नाक लागेल इतके वाकले, डॉक्टरने सांगितलेलं विसरून, आणि खिशातला लाल दोरा काढून एक गाठ स्वतः मारली.

"चाचा?" जिब्रानने दारातून विचारलं. "किती सोडल्या?"

"भरत येऊ दे," मामू म्हणाले.

"तुमी सोडल्या तरी चालंल, चाचा," सुवर्णा हळूच म्हणाली. "तुमी लावाल ते बरूबर. मी आपली दिसतंय ते बांधते."

"कधीपासून दिसतंय?"

ती घुटमळली. "पयल्यापासून. तुमी सोडायचे, मंग मला वाटं, आपलीच नजर वाकडी हाय."

मामू स्टुलावर बसले. नव्या डोळ्यातून पाणी येत होतं. ते धुळीने येतंच, ऑपरेशननंतर आठवडाभर येतं, पण मी थेंब टाकायला बाटली काढली तर त्यांनी हाताने नको म्हटलं.

भरतभाऊ चार वाजता आला. गोरा, जाडसर, घाईतला माणूस. हातात चिंचेच्या गोळ्यांची पुडी, सगळ्यांना एकेक गोळी वाटणारा. त्याने मामूंच्या पाठीवर थाप मारली, अठरा ताके एका बाजूने धरले आणि किनारीवरून बोट फिरवत मोजायला लागला. मोठ्याने मोजायची त्याची पद्धत. मामू डोळे मिटून बसले होते. अंगठा पेरांवर.

"एकोणसाठ," भरतभाऊ म्हणाला. "बाप रे. चाचा, एवढ्या ठेवल्यात?"

"साठ," मामू म्हणाले. "नवव्या ताक्याची आतली घडी बघ."

भरतभाऊने घडी उलटली. होती.

जिब्रान उठून उभा राहिला. मामूंनी त्याच्याकडे नाही, भरतभाऊकडे तोंड करून सांगितलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"भरत, एकोणसाठ हिच्या आहेत, एक माझी. एकही सोडण्यासारखी नाही. आणि तीन वर्षं मी हिच्या गाठी सोडत आलो, त्याही बरोबर होत्या. मला दिसत नव्हतं. मला ठाऊकही नव्हतं दिसत नाही ते."

भरतभाऊच्या तोंडातली गोळी गालात थांबली. "तरी म्हटलं," तो म्हणाला. "दोनदा रंगवाल्याशी भांडलो मी. तुमच्या रंगात पट्ट्या पडतात म्हणून. तो शपथ घेत होता बिचारा." मग त्याने जिब्रानकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "चाचा, पण हे आज कशाला बोललात? कोण विचारत होतं?"

"आज दिसलं."

जिब्रानला राग आला होता की लाज वाटली होती, मला सांगता येणार नाही. मी फक्त बघितलं तेवढंच लिहिते. तो खिडकीपाशी आला, कापडाचं टोक उजेडात धरलं, आणि बराच वेळ धरून राहिला. मग म्हणाला, "सूत कुणी मिसळलं ते बघतो," आणि बाहेर गेला.

पुढचं थोडक्यात सांगते. माल दुय्यम प्रतीत गेला. पण व्यापाऱ्याने काम काढून घेतलं नाही. भरतभाऊने त्याला काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही. मशीन अजून आलेलं नाही. सुवर्णा टेबलावर आहे. मामूंचा दुसरा डोळाही झाला, आता सगळ्या भिंती निळ्या आणि मामी दोन्ही डोळ्यांत सारख्याच दिसतात. पण ते त्या टेबलावर परत बसले नाहीत. जिब्रानने या म्हटलं नाही आणि मामूंनी विचारलं नाही. दुपारी अजून आमच्याकडे येतात, खुर्ची ओढतात, मतदान आलं की पेरं मोजतात. आमचा आकडा आता चुकत नाही.

त्या शुक्रवारी एक गोष्ट राहिली होती. अठरा ताक्यांच्या तोंडावर अक्षर नव्हतं. भरतभाऊ ट्रकचा नंबर लिहीत खोळंबला होता. मामूंनी खिशातून निळा खडू काढला आणि सुवर्णापुढे धरला.

ती मागे सरली. "मी न्हाय, चाचा. तुमचा म हाय तिथं."

"म कशाचा लिहू? बघितलं तू. लिही."

"भरतभाऊ घेतील व्हय?"

भरतभाऊने वर न बघता सांगितलं, मला अक्षराशी मतलब, कुणाचं का असेना, पण लवकर.

तिने खडू घेतला. कापडावर लिहायची सवय नव्हती. खडू विणीत अडकायचा. 'स' मोठा झाला आणि उकार खाली घसरत पार किनारीपर्यंत गेला. ती पुसायला लागली तर मामूंनी तिचा हात धरला. ते वाकले, डोळ्यावरचा रुमाल सोडला, डाव्या डोळ्यावर हात ठेवून ते अक्षर बघितलं. मग उजव्यावर हात ठेवून बघितलं.

"दोन्हींतून दिसतंय," ते म्हणाले.

उरलेल्या सतरा ताक्यांवर ती लिहीत गेली. मामू बाजूला उभे राहून, बोटांना लागलेली निळी पूड रुमालाला पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी तो रुमाल झटकला नाही. चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.